डोळे तपासले, कान तपासले, घसा राहिला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर वर्षातून दोन-चार वेळा एक बातमी हमखास येते. ‘अवघ्या आठशे ग्रॅमच्या बाळाला जीवदान.’ सोबत फोटो असतो. मध्ये आई आणि बाळ, बाजूला पुष्पगुच्छ घेतलेले डॉक्टर, पुढे केक आणि मागच्या रांगेत माना उंच करून उभ्या असलेल्या सिस्टर. नोकरीची बहुतेक वर्षं मी त्या मागच्या रांगेत काढली. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून मी इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. ती बातमी खोटी नसते आणि त्या दिवसाचा आनंदही खोटा नसतो. मला लिहायचं आहे ते त्या दिवशी आईच्या हातात पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डाबद्दल.

कमी दिवसांच्या बाळाच्या कार्डावर आता पुष्कळ काही असतं. आरओपी, म्हणजे कमी दिवसांच्या बाळाला होणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार, त्याची तपासणी झाली का आणि पुढची तारीख कोणती. कानांची ओएई किंवा बेरा, म्हणजे ऐकू येतं का याची चाचणी. टाळूवरून केलेली डोक्याची सोनोग्राफी. हृदयाची टू-डी एको. थायरॉइड, लसी, लोहाचे आणि व्हिटॅमिनचे थेंब. हे काही पहिल्यापासून नव्हतं. डोळ्यांचंच घ्या. तमिळनाडूत १९९६ साली सातव्या महिन्यात जन्मलेल्या एका मुलीचे डोळे वेळेवर कुणी पाहिले नाहीत आणि तिची दृष्टी गेली. तिच्या वडिलांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. अखेर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली. त्या निकालानंतर अनेक ठिकाणी कार्डावर आरओपीचा शिक्का दिसू लागला, हे मी जवळून पाहिलं. आज ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत दाखवायचे, हे नव्याने रुजू झालेल्या मुलीलाही पाठ असतं. शेजारच्या कर्नाटकात तर २००८ पासून तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नवजात विभागांत जातात आणि फोटो बंगळुरूच्या डॉक्टरांना पाठवतात.

घशाचं मात्र या कार्डावर काहीच नसतं. ज्या नळीवर बाळ जगलं, ती कितव्या नंबरची होती, किती दिवस होती, किती वेळा निघाली आणि किती प्रयत्नांत परत बसली, यातलं अक्षरही नसतं. ‘इतके दिवस व्हेंटिलेटरवर होते’ एवढी ओळ असली तर असते. नळी काढल्यावर आत काय झालंय, ते तर बहुतेक बाळांत कुणी डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं.

ज्यांनी हा विभाग आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. बाहेर बसलेले नातेवाईक म्हणतात, ‘बाळ काचेत ठेवलंय.’ पण काचेची पेटी हा सोपा भाग. अवघड भाग तोंडातून श्वासनलिकेत गेलेली ट्यूब. एक किलोच्या आतल्या बाळाला अडीच नंबरची, दोन किलोपर्यंत तीन, त्यापुढे साडेतीन. नंबर म्हणजे नळीची आतली रुंदी, मिलिमीटरमध्ये. अडीच नंबर म्हणजे साधारण बॉलपेनची रिफिल. ओठापाशी ती किती सेंटिमीटरवर बांधायची याचा हिशेब ‘वजन अधिक सहा’ असा असतो, म्हणजे एक किलोच्या बाळाला सात. डायनाप्लास्ट कापून ती ओठावर चिकटवायची, आणि मग दर ड्यूटीला पहिलं काम म्हणजे ओठावरचा आकडा बघणं. लाळेने पट्टी सुटते, बाळ मान फिरवतं, सक्शन करताना, म्हणजे कफ ओढून काढताना हात लागतो आणि ट्यूब बाहेर येते. मग पुन्हा टाकायची.

ही ट्यूब स्वरयंत्रातून खाली उतरते, आणि त्याच्या लगेच खाली क्रिकॉइड नावाचं कूर्चेचं कडं असतं. श्वासनलिकेच्या बाकी कड्या मागच्या बाजूने उघड्या असतात. हे एकच पुरतं गोल. पूर्ण दिवसांच्या बाळात इथली वाट साडेचार-पाच मिलिमीटरची. चारच्या खाली गेली की अरुंद समजतात. आतलं अस्तर अतिशय नाजूक. ट्यूब एका नंबरने जाड पडली, सतत हलत राहिली किंवा पुन्हापुन्हा टाकावी लागली, तर दाबाखाली अस्तराचा रक्तपुरवठा थांबतो. आधी सूज, मग व्रण, त्यावर वाढलेलं लाल मांस आणि शेवटी वण. वण आक्रसत जातो. काही बाळांत तिथल्या ग्रंथींची तोंडं बुजून पाण्याच्या गाठी होतात. बाहेर कडं असल्यामुळे फुगायला दुसरीकडे जागाच नाही, जे व्हायचं ते आतल्या बाजूला होतं. चार मिलिमीटरच्या वाटेत सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली तर उरते दोन मिलिमीटर. म्हणजे वाटेचं क्षेत्रफळ चौथा हिस्सा, आणि भौतिकशास्त्राच्या साध्या हिशेबाने हवेला होणारा अडथळा सोळापट. हे गणित मला एका निवासी डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे करून दाखवलं होतं. त्यानंतर मी व्हेंटिलेटरच्या पडद्यावर ‘लीक’चा आकडा पाहायला कधी विसरले नाही. मोठ्यांच्या ट्यूबला बाजूची फट बंद करणारा फुगा असतो, तसा नवजात बाळाच्या ट्यूबला नसतो, त्यामुळे बाजूने थोडी हवा निसटायलाच हवी. लीक शून्य दिसला की ट्यूब घट्ट बसलीये, हे डॉक्टरांना सांगायचं.

ट्यूबवर माझा राग आहे असं कुणी समजू नये. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत गेला. देशातले सगळे डॉक्टर हाताशी असून त्यांच्याकडे द्यायला फारसं काही नव्हतं. तेवढं बाळ आज आमच्याकडे चार दिवस सीपॅपवर, म्हणजे घशात ट्यूब न घालता नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर राहून दूध ओढायला लागतं. मुलांच्या श्वासनलिकेत ट्यूब दिवसच्या दिवस ठेवता येते, हे ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९६५ च्या सुमारास दाखवलं. नवजात बाळाची कूर्चा मऊ असते म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा ट्यूब जास्त दिवस सोसतं, हेही खरं. सुरुवातीच्या काळात ट्यूबवर वाचलेल्या बाळांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जणांची वाट अरुंद होत असे. चांगलं प्लास्टिक आणि योग्य नंबर यांमुळे ते प्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरलं, असं पुस्तकं सांगतात. पण आपल्या देशात २०२० या एका वर्षात सुमारे तीस लाख बाळं वेळेआधी जन्मली. त्यांतल्या थोड्यांनाच ट्यूब लागते, आणि त्यांतल्या एक-दोन टक्क्यांचा हा प्रश्न आहे. तरीही ती संख्या एखाद्या फोटोत मावणारी नाही.

जत तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण देते. ती आमच्याकडे जन्मली नव्हती. जिथे जन्मली त्या रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही घडू शकतं. एकोणतिसावा आठवडा, वजन अकराशे ग्रॅम. ट्यूब दोनदा आपोआप निघाली आणि दोनदा परत टाकली, हे आम्हाला तिच्या आईकडून कळलं, कागदावर नव्हतं. घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी झोपेत घुरघुर सुरू झाली. आजीने कफ म्हणून वेखंड उगाळून लावलं, ओव्याचा शेक दिला. गावच्या डॉक्टरांनी बाळदमा सांगितला आणि वाफ दिली. वाफेतल्या औषधाने सूज घटकाभर उतरते, म्हणून बाळाला बरंही वाटायचं, आणि त्यामुळे निदान आणखी पक्कं व्हायचं. प्रत्येक सर्दीला ॲडमिट. रडण्याचा आवाज बारीक होत गेला तर शेजारणी म्हणाल्या, गुणाची पोर आहे, रडतसुद्धा नाही.

पाचव्या महिन्यात ती रात्री आमच्याकडे आली तेव्हा ओठ निळे होते आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खळगा पडत होता. डॉक्टरांनी साडेतीनची ट्यूब घेतली, जाईना. तीनची स्वरतंतूंच्या खाली जाऊन अडली. शेवटी जन्माच्या वेळची अडीचची कशीबशी सरकली. पाच महिन्यांच्या मुलीला अडीच नंबर! तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना तेव्हाच समजलं की हा दमा नाही. पुण्याला नेल्यावर भूल देऊन दुर्बिणीने पाहिलं. वाट तीन चतुर्थांशाहून जास्त बंद होती. डॉक्टरांच्या चार पायऱ्यांच्या मोजमापात ती तिसरी पायरी, म्हणजे ७१ ते ९९ टक्के. गळ्याला छिद्र पाडून ट्रेकिओस्टॉमी करावी लागली.

ट्रेकिओस्टॉमी झालेलं मूल घरी सांभाळायचं म्हणजे काय, हे कुठल्याही बातमीत येत नाही. नळीत कफ साचला की सक्शन हवं. गावात वीज नसते तेव्हा पायाने चालवायचं सक्शन मशीन. रात्री एकाने जागायचं, कारण रडलं तरी मुलाचा आवाज निघत नाही. तिच्या वडिलांनी पहिली नळी स्वतःच्या हाताने बदलली तेव्हा मी समोर होते. ऊसतोडीला जाणारा माणूस, हात थरथरत होते, पण बदलली. त्या वर्षी ते तोडीला गेले नाहीत, मुकादमाची उचल अंगावर राहिली. पुढे बरगडीची कूर्चा काढून ते कडं रुंद करायची शस्त्रक्रिया झाली, मग गळ्यातली नळी निघाली. मुलगी आता शाळेत जाते, आवाज घोगरा आहे.

वण पक्का होण्याआधी, म्हणजे नुसती सूज आणि ओलं मांस असताना हे दिसलं असतं, तर बहुधा स्टिरॉइड आणि फुग्याने वाट रुंद करणं यावर काम भागलं असतं. गाठी असत्या तर त्या दुर्बिणीतून उघडता आल्या असत्या. म्हणून ‘बघणं’ महत्त्वाचं. आणि आपण ते टाळतो.

बघायचं कसं, याबद्दल निवृत्तीनंतर मी बरंच वाचलं, आमच्या डॉक्टरांना छळून विचारलंही. छातीचा एक्स-रे तर प्रत्येक ट्यूबनंतर काढतातच, पण त्यात ट्यूबचं टोक कुठे आहे एवढंच कळतं. जखम दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये वाट मोजता येते, पण एवढ्या जीवाला किरणांचा मारा, शिवाय हलू नये म्हणून औषध द्यावं लागतं. नाकातून घालायची बारीक लवचीक दुर्बीण खाटेपाशीच वापरता येते. स्वरतंतू हलतात का, मागच्या बाजूला व्रण आहे का, हे तिच्यात छान दिसतं. खालचं कडं मात्र नीट दिसेलच असं नाही. शेवटचा शब्द अजूनही भूल देऊन केलेल्या ताठ दुर्बिणीचाच आहे, आणि ती सोय, लहान मुलांची भूल देणाऱ्या डॉक्टरांसह, महाराष्ट्रात मोजक्या शहरांत आहे.

सोनोग्राफीने आशा वाटते. गळ्यावर कोमट जेल लावून बारीक प्रोब ठेवला की कड्याच्या पातळीवर हवेच्या खांबाची रुंदी मोजता येते. किरणं नाहीत, भूल नाही, बाळ पेटीतच राहतं. अडचण अशी की आवाजाच्या लहरी हवेपलीकडे जात नाहीत, त्यामुळे मागची भिंत अंधारात राहते. ट्यूब तर मागच्याच बाजूला टेकून असते! म्हणजे जिथे सगळ्यांत जास्त दाब, तिथलंच चित्र सोनोग्राफी देत नाही. रुंदी कमी झाली एवढं ती सांगेल, आणि चाळणी म्हणून तेही थोडं नाही.

पण आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की दुसरीच गोष्ट आडवी येते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये तो देशाचा झाला. तो हवाच. आमच्या मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला २०१७ साली पुरलेले भ्रूण उकरून निघाले, ते इथल्या कुणाला विसरता येणार नाही. मात्र त्या कायद्यापायी प्रत्येक यंत्राभोवती नोंदणी, रजिस्टर आणि तपासणीचं कुंपण आहे. बाळांच्या डॉक्टरांना वाटतं, कशाला ती झंझट. यंत्र रेडिओलॉजीत कुलपात बरं. मग डोक्याच्या सोनोग्राफीसाठीसुद्धा चिठ्ठी पाठवून वाट बघायची. नवजात विभागातल्या यंत्राची नोंदणी आणि वापर सुटसुटीत कसा होईल, हे आरोग्य खात्याने एकदा बसून ठरवावं. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं लिंग सगळ्यांना माहीत असतं, तिथे लपवण्यासारखं काही उरत नाही.

बाहेर काय चाललंय तेही सांगते. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात लहान आकाराचं एमआरआय यंत्र थेट नवजात विभागातच बसवलं. बाळाला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, झोपेचं औषध न देता ते श्वासनलिकेची चित्रं काढतात. वाचून हेवा वाटला. आपल्या जिल्हा रुग्णालयाकडून ती अपेक्षा करणं म्हणजे थट्टा होईल, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या बेकमन लेझर संस्थेतलं काम मला त्याहून विलक्षण वाटलं. तिथे ओसीटी वापरतात. हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. मधुमेह असलेल्या कुणीही डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याची ओसीटी केलेली असेल, आणि हृदयात स्टेंट नीट बसला का ते बघायलाही ती वापरतात. १९९१ मध्ये हे तंत्र जगापुढे आलं. डोळ्याला न दिसणारा प्रकाश आत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून अस्तराचा उभा छेद उमटवायचा. कापायचं काही नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा बारकावा दिसतो. प्रकाश मिलिमीटर-दोन मिलिमीटरच आत जातो, ही मोठ्या माणसात उणीव ठरते. नवजात बाळाच्या घशाला तेवढं पुरतं, कारण अस्तरापासून कूर्चेपर्यंतचं सगळं तेवढ्यात येतं. मुख्य म्हणजे ट्यूब काढावी लागत नाही. तिच्या आतूनच तारेसारखा बारीक प्रोब सरकवायचा, तो फिरवत मागे ओढायचा, आणि पारदर्शक नळीच्या भिंतीतून पलीकडची सूज दिसते. २००८ पासून त्यांनी नवजात बाळांवरचं हे काम छापलं आहे. वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न सिस्टरचाच आला: अडीच नंबरच्या नळीत प्रोब घातला तर तेवढा वेळ हवेचं काय? म्हणूनच ते काम झटपट उरकावं लागतं, आणि म्हणूनच हे अजून संशोधनाच्या टेबलावर आहे, रोजच्या वापरात नाही. पण ट्यूब आत असतानाच सूज मोजता आली तर उद्या ट्यूब काढायची की अर्धा नंबर लहान करायची, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही. ओसीटीची यंत्रं डोळ्यांसाठी आणि हृदयासाठी आपल्या शहरांत आहेतच. आयआयटी मुंबई आणि आपली वैद्यकीय महाविद्यालयं मिळून बाळांच्या मापाचा प्रोब करायला घेतील तर ते उगाच स्वप्न म्हणता येणार नाही.

यावर डॉक्टर मंडळी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण त्यांनी ते म्हटलेलं आहे. ‘सिस्टर, आता ट्यूब लागतेच किती? सीपॅप आहे, फुप्फुसं उघडी ठेवणारं सरफॅक्टंट हे औषध आता बारीक कॅथेटरने देतात.’ बरोबर आहे. १९७१ मध्ये सीपॅप आला, १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी सरफॅक्टंट देऊन दाखवलं, आणि दोन्हींनी ट्यूबचे दिवस घटवले. पण त्याच दोन्हींमुळे आता सव्वीस-सत्तावीस आठवड्यांची बाळं वाचतात, जी पूर्वी आमच्या हातात येण्याआधीच जायची. त्यांना ट्यूब लागते आणि बरेच दिवस लागते. दुसरा आक्षेप असा की प्रत्येक बाळाच्या घशात दुर्बीण घालणं हाही त्रासच आहे. तोही मान्य. प्रत्येकाला घालाच असं माझं म्हणणं नाही.

ब्राझीलमध्ये पोर्टो अलेग्रेच्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागात ट्यूब काढलेल्या मुलांचे घसे पाठोपाठ दुर्बिणीतून पाहिले आणि कुणाला पुढे अरुंदता आली त्याचा माग ठेवला. त्यांतून निघालेली एक खूण आपल्यालाही वापरता येईल. ट्यूब काढल्यावर श्वासाला आवाज थोडा वेळ येतोच, सूज असते, उतरते. ७२ तासांनंतरही श्वासाचा आवाज टिकून असेल किंवा त्यानंतर नव्याने सुरू झाला असेल, तर थांबायचं नाही, आत पाहायचं. त्याला मी माझ्या अनुभवाची भर घालीन: ट्यूब काढली की बाळ पुन्हापुन्हा थकतं आणि फुप्फुसं मात्र स्वच्छ आहेत, अशा वेळी दोष बाळाच्या ताकदीवर ढकलू नये. यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाला अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीची एक लवचीक दुर्बीण पुरते. मोठ्या माणसांची असते, बाळांच्या मापाची नसते, एवढाच अडसर आहे.

घरी गेल्यावरचं काय? अरुंदता बऱ्याचदा डिस्चार्जनंतर काही आठवड्यांनी बोलू लागते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना घरी जाऊन बाळाचे श्वास मोजायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि पुढे ती पद्धत आशाताईंच्या गृहभेटींत उतरली. या भेटी ४२ व्या दिवसापर्यंत असतात. तेव्हा आमचं बाळ अनेकदा अजून पेटीतच असतं. पण तिसऱ्या, सहाव्या महिन्याच्या भेटीही आता आहेत. त्या वेळी दोनच प्रश्न विचारावेत: घशात नळी होती का, आणि श्वासाला आवाज येतो का? येत असेल तर श्वास आत घेताना की सोडताना, हे नीट ऐकावं. दम्याची शिट्टी श्वास सोडताना वाजते. कड्यापाशी वाट अरुंद असेल तर श्वास घेताना आवाज येतो, फारच अरुंद असेल तर दोन्ही वेळा. बाळ दवाखान्यात पोहोचेपर्यंत आवाज थांबलेला असतो आणि आई खोटी पडते. तिला सांगावं, छाती उघडी ठेवून मोबाइलवर एक मिनिट व्हिडिओ काढ, आणि तोच डॉक्टरांपुढे धर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी केंद्रं आहेत, तिथे या मुलांचे डोळे आणि कान बघायला बोलावतातच. त्याच दिवशी, त्याच रांगेत हा आवाज ऐकणारं कुणी असावं.

आणि डिस्चार्ज कार्डावर एक रकाना हवा: ट्यूबचा नंबर, दिवस, किती वेळा टाकली, काढल्यावर आवाज होता का, घसा पाहिला का. शाईपलीकडे त्याला काही खर्च नाही. तो कुणी भरायचा यावर आमच्या जुन्या विभागात वाद झाला होता. निवासी डॉक्टर म्हणाले, डिस्चार्ज समरी लिहिणं आमचं काम. पण समरी लिहिणारा डॉक्टर कधी कधी त्याच महिन्यात पोस्टिंगवर आलेला असतो, आणि बाळ तर त्याच्या आधीपासून आत असतं. ट्यूब रात्री तीनला निघाली, तिसऱ्या प्रयत्नात बसली, त्या वेळी अर्धा नंबर लहान घ्यावी लागली, हे फक्त नर्सिंग नोट्समध्ये असतं, आणि त्या नोट्स बाळाबरोबर घरी जात नाहीत. तेव्हा तो रकाना सिस्टरने भरावा, आणि त्याखाली सही तिचीच असावी.

आपली नम्र,
एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर, मिरज
(नाव प्रसिद्धीसाठी नाही)